खाण्याचे विकार: ओळखायचे कसे, समुपदेशन घ्यायचं कसं

खाण्याच्या विकारात मदत मिळायला उशीर होतो, कारण घरच्यांना तो दिसत नाही आणि ज्याला आहे त्याला तो विकार वाटत नाही. भराभर बारीक होणाऱ्या मुलीचं आधी कौतुकच होतं. पोट फुटेस्तोवर खाऊन मग उलटी काढणाऱ्या मुलाचं वजन जागच्या जागी असतं, त्यामुळे कुणाच्या डोळ्यावर काही येत नाही. बरेच जण समुपदेशकाकडे पोचतात तेही 'मन लागत नाही', 'चिडचिड होते' अशी तक्रार घेऊन, आणि जेवणाचा विषय कित्येक भेटी निघतच नाही.

म्हणून सुरुवातीलाच क्रम सांगून टाकतो. आधी शरीराची तपासणी, मग खाण्याची घडी बसवणं, आणि त्याच्या जोडीने मनाचं काम. उपाशी मेंदूशी विचारांवर वाद घालत बसलं तर महिनोन्‌महिने भेटी होतात आणि हाती काही लागत नाही.

उपासमारच आजार वाढवते

१९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून एक प्रयोग केला. युद्धानंतर उपासमारीतून वाचलेल्यांना परत कसं खाऊ घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. या तरुणांना बारीक व्हायची हौस नव्हती, आरशाची भीती नव्हती. तरी त्यांच्या डोक्यात दिवसरात्र खाणंच घोळायला लागलं. ते पाककृती जमवू लागले, एकेक घास चिवडत जेवण लांबवू लागले, चिडू लागले, माणसांतून उठले. पुन्हा भरपूर अन्न मिळू लागल्यावर त्यांतल्या कित्येकांना थांबता येईना. पोट भरलं तरी खातच राहिले.

घरात जे 'नखरे' किंवा 'हट्ट' वाटतात, त्यांतलं बरंचसं असं भुकेचं असतं. आणि बकाबका खाण्याचा झटका बहुतेकदा इच्छाशक्ती कमी पडल्यामुळे येत नाही, तर सकाळपासून पोट रिकामं ठेवल्यामुळे येतो. हे एवढं पटलं की पुढच्या पायऱ्यांचा अर्थ लागतो.

पायरी १: कोणता प्रकार आहे ते ढोबळमानाने ओळखा

निदान तज्ज्ञ करतील. पण काय पाहायचं हे माहीत असलं तर डॉक्टरांना नेमकं सांगता येतं.

अ‍ॅनोरेक्झियात खाणं आवळलेलं असतं, वजन वाढण्याची धास्ती असते, आणि अंगावर मांस उरलेलं नसतानाही स्वतःचं शरीर जाड दिसतं. याचाच एक प्रकार सर्रास निसटतो. माणूस मुळात जाड असतो, थोड्या महिन्यांत त्याचं वजन खूप उतरतं, आणि आता ते 'नॉर्मल' दिसतं म्हणून सगळे खूश असतात. त्याचं हृदय आणि त्याच्या रक्तातले क्षार मात्र तितकेच धोक्यात असू शकतात. वजन किती आहे याच्याइतकंच ते किती वेगाने उतरलं हेही विचारायला हवं.

बुलिमियात झटका येतो आणि नंतर त्याची भरपाई होते: उलटी काढणं, जुलाब होण्याची औषधं घेणं, उपास करणं, दुखेपर्यंत व्यायाम करणं. झटका म्हणजे सणासुदीला दोन घास जास्त जाणं नव्हे. साधारण दोन तासांच्या आत इतरांपेक्षा स्पष्टपणे खूप जास्त खाल्लं जातं आणि 'आता माझ्या हातात काही नाही' असं वाटतं. ही दुसरी खूण जास्त महत्त्वाची. असे झटके आणि भरपाई आठवड्यातून सरासरी एकदा तरी, तीन महिने होत असतील, तर निदानाचा निकष पुरा होतो. मदत मागायला मात्र तीन महिने थांबायचं कारण नाही.

बिंज ईटिंग डिसऑर्डरमध्ये झटके असतात, भरपाई नसते. भूक नसताना, भराभर, एकट्याने खाणं, आणि नंतर स्वतःची किळस येणं. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत याला स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधी, आणि खरं तर अजूनही, अशा माणसाला 'जिभेवर ताबा ठेव' एवढाच सल्ला मिळतो आणि हातात डाएटचा कागद पडतो. त्या कागदानेच पुढचा झटका तयार होतो.

चौथा प्रकार वजनाच्या भीतीशिवायचा. ठरावीक पोत, वास किंवा रंग सहन होत नाही, घास अडकेल अशी भीती असते, किंवा खाण्यात रसच नसतो. खाण्याचे पदार्थ कमी होत होत चार-पाचांवर येतात. याला आर्फिड म्हणतात. मुलांमध्ये हा जास्त दिसतो, आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

हे विकार मुलग्यांनाही होतात. त्यांच्यात पुष्कळदा बारीक होण्याऐवजी स्नायू आखीव दिसावेत असा ध्यास असतो, म्हणून तो फिटनेसच्या नावाखाली खपून जातो.

पटकन चाचपणी करायला 'स्कॉफ' नावाची पाच प्रश्नांची यादी डॉक्टर वापरतात. पोट गच्च भरल्याच्या अस्वस्थतेतून तुम्ही मुद्दाम उलटी काढता का? किती खातो यावरचा ताबा सुटलाय अशी काळजी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोंहून अधिक वजन उतरलंय का? बाकीचे बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटता का? अन्नाने तुमच्या आयुष्याचा ताबा घेतलाय असं म्हणाल का? दोन किंवा अधिक उत्तरं 'हो' आली तर तज्ज्ञांकडून नीट तपासून घ्यावं. सगळी 'नाही' आली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. उत्तरं प्रामाणिक असतील तरच यादी कामाची, आणि हा आजार लपवण्याचा आहे.

पायरी २: समुपदेशकाच्या आधी डॉक्टर

ही पायरी लोक गाळतात. समुपदेशक कितीही चांगला असो, रक्तातलं पोटॅशियम घसरलंय हे त्याला बोलण्यातून कळणार नाही.

साध्या डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल, पण काय हवंय ते स्पष्ट सांगा: 'खाण्याच्या विकाराची शंका आहे, त्या दृष्टीने तपासा.' मग पुढच्या गोष्टी व्हायला हव्यात. नाडी आणि रक्तदाब झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळा. अंगाचं तापमान. ईसीजी. रक्तात सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या, हिमोग्लोबिन. पाळी सहा महिन्यांहून जास्त बंद असेल तर हाडांची घनताही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर दर महिन्याला होणारा रक्तस्राव गोळ्यांमुळे होतो. त्यावरून पाळी ठीक आहे असं धरू नये.

दोन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' हे वाक्य. शरीर बराच काळ ओढूनताणून रक्ताचे आकडे सांभाळतं, त्यामुळे नॉर्मल रिपोर्ट म्हणजे आजार नाही असं होत नाही. दुसरी, मंद नाडी पाहून 'खेळाडू आहे, असं असतंच' म्हणणं. खाणं तुटलेल्या मुलीची नाडी दिवसा, जागेपणी ५० च्या खाली असेल, तर ते व्यायामाचं फळ समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उलट्या होत असतील तर दंतवैद्यालाही खरं कारण सांगा. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये. आम्लाने मऊ झालेलं दातांचं कवच घासलं जातं. साध्या पाण्याने चुळा भराव्यात. आणि जुलाबाच्या औषधांबद्दल एक गोष्ट, कारण त्यांनी खाल्लेलं अंगी लागत नाही हा गैरसमज फार घट्ट आहे: अन्नातली ऊर्जा लहान आतड्यात शोषली गेल्यानंतर ही औषधं मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात. उतरतं ते पाणी, आणि पाण्याबरोबर पोटॅशियम जातं.

पुढच्यांपैकी काहीही दिसलं तर समुपदेशनाची वेळ ठरवत बसू नका, थेट रुग्णालयात न्या: चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं किंवा धडधडणं, नाडी ४० च्या खाली, उलटीत रक्त, गोंधळल्यासारखं बोलणं, बसल्या जागेवरून हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणं, पाणीही न घेणं, आणि जीव द्यायचे विचार. जीव द्यायच्या विचारांबद्दल सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. अशा माणसाला एकटं सोडू नका. टाइप १ मधुमेहाचा रुग्ण वजन उतरवायला इन्सुलिन चुकवत असेल तर तोही याच यादीत.

पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल, किंवा वजन फार झपाट्याने उतरलं असेल, तर घरच्या घरी 'आता भरपूर खाऊ घालू' असं करू नका. अन्न आत येताच इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी खाणं वैद्यकीय देखरेखीखाली, रक्त वरचेवर तपासत आणि थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन सुरू करतात.

पायरी ३: विषय काढायचा कसा

जेवणाच्या ताटावर काढू नका आणि भांडणात तर मुळीच नाही. दोघंच असाल, घाई नसेल, अशी वेळ बघा. वजन आणि दिसणं यांच्यापासून लांब राहून, डोळ्यांना दिसलेली गोष्ट सांगा: 'अगं, गेले काही आठवडे तू जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जातेस, आणि मैत्रिणींबरोबर बाहेर जाणंही बंद केलंयस. मला तुझी काळजी वाटते.' एवढं बोलून थांबा.

पहिल्यांदा बहुधा 'मला काही झालेलं नाही, तुम्ही उगाच मागे लागता' असंच ऐकायला मिळतं. तिथे पुराव्यांची जुडी काढली की दार बंद होतं. 'बरं, पण एकदा डॉक्टरांकडे जाऊन नाडी-रक्तदाब बघून येऊ, मी बरोबर येते' इतक्या छोट्या गोष्टीला होकार मिळवा. आजार मान्य करायला लावणं हे आजचं काम नाही. मूल लहान किंवा किशोरवयीन असेल तर त्याच्या होकाराची वाट पाहत राहायचंही नाही. ताप आल्यावर आपण विचारतो का, तसंच न्यायचं.

पायरी ४: माणूस निवडताना

समुपदेशक हा शब्द फार ढिला वापरला जातो. खाण्याच्या विकारात साधारण तिघे-चौघे मिळून काम करतात: मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि शरीराकडे पाहणारे डॉक्टर. सगळे एका छपराखाली मिळतीलच असं नाही, पण त्यांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. त्यासाठी लेखी परवानगी लागते, ती पहिल्याच भेटीत देऊन टाका.

फोनवर वेळ घेतानाच विचारा: खाण्याच्या विकाराचे रुग्ण तुम्ही नियमित पाहता का? कोणती पद्धत वापरता? वजन आणि रक्ततपासण्यांकडे कोण लक्ष ठेवतं? रुग्ण अठरा वर्षांखालचा असेल तर घरच्यांना कसं सहभागी करता? किती भेटींनंतर आढावा घेता? 'बघू, बोलत जाऊ, हळूहळू मोकळी होईल' एवढंच उत्तर आलं, तर माणूस भला असला तरी या कामाचा नाही.

वजन उतरवून देण्याची हमी, आधीचे-नंतरचे फोटो, स्वतःच्या पावडरी विकणं, 'तू तर एवढी बारीक दिसत नाहीस' असा शेरा: यांतलं एकही दिसलं तर दुसरीकडे जा.

पद्धतींची नावं माहीत असलेली बरी. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी उपचारपद्धत. मोठ्यांसाठी खाण्याच्या विकारांकरता खास बांधलेली सीबीटी, जिला सीबीटी-ई म्हणतात, ती सर्वांत जास्त अभ्यासलेल्या पद्धतींपैकी आहे. वजन फार कमी नसेल तर २० आठवड्यांत सुमारे २० भेटी, पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा. वजन खूप कमी असेल तर साधारण दुप्पट. किशोरवयीन मुलांच्या अ‍ॅनोरेक्झियात कुटुंबाधारित उपचार पहिली पसंती असते: सहा ते बारा महिन्यांत २० च्या आसपास भेटी. त्यात सुरुवातीला काय, किती, कधी खायचं हे आईवडील ठरवतात, वजन सावरत गेलं की सूत्रं हळूहळू मुलाच्या हाती परत जातात, आणि वयाचे बाकीचे प्रश्न शेवटी घेतले जातात. आईवडिलांच्या चुकीमुळे आजार झाला, असं ही पद्धत मानत नाही. बिंज ईटिंग आणि बुलिमियासाठी पुष्कळदा मार्गदर्शित स्वयंमदतीने सुरुवात करतात: सीबीटीवर आधारलेलं पुस्तक आणि जोडीला थोड्या, छोट्या भेटी.

औषधं जोडीला असतात. मोठ्यांच्या बुलिमियात फ्लुओक्सेटिन झटके कमी करू शकतं. अ‍ॅनोरेक्झिया बरा करणारी गोळी नाही. बुप्रोपिऑन हे नैराश्याचं औषध बुलिमिया किंवा अ‍ॅनोरेक्झिया असताना देत नाहीत, कारण त्याने फिट (आकडी) येण्याचा धोका वाढतो. म्हणून नैराश्यासाठी वेगळ्या डॉक्टरांकडे जात असाल तर खाण्याचा विकार लपवू नका.

ऑनलाइन भेटी चालतात. मात्र वजन, नाडी आणि रक्त तपासणारं कुणीतरी जवळपास प्रत्यक्ष हवं.

पायरी ५: पहिली भेट

जाताना एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, वजनातले चढउतार, पाळी, उलट्या किंवा जुलाबाची औषधं किती वेळा, व्यायाम किती, चालू औषधं, आधीचे आजार. तोंडाने बोलवत नसेल तर कागद पुढे करा. तज्ज्ञांना याची सवय असते. बोलणं गुप्त राहतं, पण जिवाला धोका दिसला तर ते घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगतील. ही मर्यादा सुरुवातीलाच समजावून घ्या, म्हणजे पुढे विश्वासघात वाटत नाही.

वजन करण्याची धास्ती असेल तर तसं सांगा. सीबीटी-ईत आठवड्यातून एकदाच, समुपदेशकासमोर वजन करतात आणि मधल्या दिवसांत काट्याला हात लावत नाहीत. रोजचा वर-खाली होणारा आकडा बहुतांशी पाण्याचा असतो. चार आठवड्यांचा आलेख पाहिल्याशिवाय त्याचा काही अर्थ लागत नाही.

पायरी ६: नोंदवही आणि घड्याळ

पहिल्या आठवड्यातच दोन कामं मिळतात आणि बहुतेक सुधारणा याच दोन कामांवर उभी राहते.

पहिलं, नोंदी. खाल्ल्याबरोबर लिहायच्या, रात्री आठवून नव्हे. त्यात ऊर्जेचे आकडे किंवा वजनमापं लिहायची नाहीत. एक नोंद अशी दिसते: 'दुपारी ४.१०. स्वयंपाकघरात, उभ्याने. बिस्किटांचा पुडा, मग आईस्क्रीमचा डबा. झटका: हो. नंतर उलटी: हो. सकाळपासून फक्त कॉफी झाली होती. ३.४५ ला ऑफिसमधून फोन आला, काम परत पाठवलं. वाटलं, आता दिवस गेलाच आहे.' या एवढ्याशा नोंदीत तीन धागे आहेत: रिकामं पोट, अपमान, आणि 'गेलाच आहे तर जाऊ दे' हा विचार. समुपदेशक आधी पहिला धागा पकडेल, कारण तो उद्याच बदलता येतो.

दुसरं, घड्याळ लावून खाणं. तीन जेवणं आणि दोन ते तीन मधली खाणी, दोहोंत चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक लागो न लागो. कारण भूक आणि पोट भरल्याचे इशारे या आजारात बिघडलेले असतात आणि पूर्ववत व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला काय खाता यापेक्षा कधी खाता यावर भर असतो. झटका आला, तरी पुढचं खाणं ठरल्या वेळेलाच. इथेच बहुतेक जण घसरतात: दुपारी जास्त झालं म्हणून रात्रीचं गाळतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वजन खूप कमी असलेल्यांचं प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवतात.

पहिल्या काही आठवड्यांत पोट फुगतं, थोडं खाऊनही गच्च वाटतं, बद्धकोष्ठ होतं, घोट्यांवर सूज येऊ शकते. पोट रिकामं होण्याचा वेग मंदावलेला असतो, तो नियमित खाण्याने सुधारत जातो. सूज मात्र डॉक्टरांना दाखवून घ्या. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस 'बघा, मी जाड होतेय' म्हणून उपचार सोडतो.

झटक्याची ऊर्मी येते, चढते आणि ओसरते. तेवढा वेळ घालवायला आधीच लिहून ठेवलेली यादी लागते: घराबाहेर पडणं, कुणाला फोन, अंघोळ. ऊर्मी आल्यावर यादी करायला बसलं तर सुचत नाही. टाळलेले पदार्थ, वारंवार आरशात बघणं, पोट चिमटीत धरून पाहणं ही कामं पुढे, घडी बसल्यावर घेतली जातात.

चौथ्या आठवड्याच्या सुमारास आढावा मागा. झटके कमी झालेत का, खाण्याच्या वेळा पाळल्या जातात का? या काळात थोडाही फरक पडला असेल तर पुढचं चित्र आशादायक असतं. अजिबात हललं नसेल तर पद्धत बदलायची, भेटी वाढवायच्या की दाखल करायचं, हे तेव्हाच बोलायला हवं.

घरच्यांसाठी

जेवायला बरोबर बसा आणि तेच जेवण तुम्हीही जेवा. ताटावर वाटाघाटी नकोत, इतर गप्पा चालू ठेवा. जेवणानंतरचा तासभर सर्वांत कठीण असतो. त्या वेळी बरोबर काहीतरी करा, पत्ते खेळा, मालिका बघा. स्वतःच्या डाएटची आणि शेजारणीच्या वजनाची चर्चा बंद. 'तब्येत सुधारलेली दिसते' हे कौतुकसुद्धा नको, आजारी मनाला त्यातून 'जाड झालीस' एवढंच ऐकू येतं. मोबाइल किंवा कपाट लपूनछपून तपासू नका. तपासायचं असेल तर समुपदेशकासमोर तसं ठरवून.

आई एक म्हणते आणि बाबा हळूच 'राहू दे आज' म्हणतात, तिथे आजार लगेच फट शोधतो. ताटात काय असेल हे मोठ्यांनी आधी आपसांत ठरवा, मतभेद मुलासमोर नकोत.

थांबताना

बरं वाटलं की लोक स्वतःहून भेटी बंद करतात. त्याऐवजी अंतर वाढवत न्या आणि शेवटच्या भेटीनंतर काही महिन्यांनी एक आढाव्याची भेट आजच ठरवा. शेवटच्या भेटींत एक पानभर योजना लिहा: माझ्या घसरणीची पहिली खूण कोणती (बहुतेकांची सकाळचं खाणं गाळणं ही असते), कोणते दिवस अवघड जातात (परीक्षा, लग्न, आजारपणात उतरलेलं वजन, बाळंतपण), आणि कुणाला सांगायचं. एखादा झटका आला तर त्याच दिवशी पुढच्या खाण्याची वेळ पाळायची आणि नोंदवही पुन्हा काढायची. दोन आठवडे नोंदी करूनही खाणं मार्गावर येत नसेल, तर समुपदेशकाला फोन करून वेळ घ्यायची. हा फोन घरातल्या कुणी करायचा, त्याचं नावही त्याच पानावर लिहून ठेवा.